चार नंबरचा मुकादम

चार नंबरच्या प्रेसचं पॅनेल उघडलं की आधी वास अंगावर येतो. गरम रबराचा, गंधकाचा, आणि त्यामागून तेलात भिजलेल्या धुळीचा. मग नजर स्थिरावते. वरच्या ओळीत एमसीबी, डावीकडे एसएमपीएस, खाली काळ्या कॉन्टॅक्टरची रांग, फेरूल लावलेल्या वायरींचे जुडगे, आणि या सगळ्या गोतावळ्याच्या मधोमध पट्टीवर चढून बसलेला तो. करड्या प्लास्टिकचा, जेवणाच्या डब्याएवढा. कपाळावर तीन दिवे. आवाज नाही, हालचाल नाही.

बाजारात त्याला पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणतात. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या त्या छोट्या कारखान्यात, जिथे गाड्यांसाठी रबरी बुश बनायचे, त्याचं नाव मुकादम होतं. बारसं केलं होतं चार नंबरवरच्या मामांनी. "स्वतः काडी हलवत नाही, बसल्या जागेवरून सगळ्यांना राबवतो, आणि आठ तासांत घामाचा थेंब नाही. मुकादमच की!" नाव चिकटलं. पुढे स्टोअरच्या रजिस्टरमध्येसुद्धा कोणीतरी 'मुकादमाचा सेल' असं लिहून ठेवलेलं मी पाहिलं आहे.

मुकादमाचा स्वभाव मात्र मामांच्या वर्णनापेक्षा वेगळा होता. तो अत्यंत संशयी होता. गार्ड बंद आहे का? प्लेट तापली का? तेलाचा दाब किती? दोन्ही हातांची बटणं दाबलेली आहेत का? एवढं विचारून झालं की शिडी वरपासून खालपर्यंत वाचायची, त्याप्रमाणे व्हॉल्व्हला आणि मोटरला हुकूम द्यायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून: गार्ड बंद आहे का? मघाशी होतं, हे उत्तर त्याला चालत नसे. सेकंदाला शंभरेक फेऱ्या तो अशा मारायचा, सहाही दिवस, तीनही पाळ्यांत. शिवाय स्वतःवरही त्याचा भरवसा नव्हता. एखादी फेरी ठरल्या वेळेत संपली नाही तर त्याच्याच आतलं एक घड्याळ त्याला आजारी ठरवायचं, आणि तो सगळ्यांचे हात सोडून द्यायचा. मोटर बंद, व्हॉल्व्ह बंद, प्रेस जागच्या जागी. कळेनासं झालं की काही न करणं, हा त्यांच्या कुळाचा धर्म आहे.

कुळाविषयीही सांगितलं पाहिजे. मोटारींच्या कारखान्यांत एके काळी याच कामाला रिलेंच्या भिंतीच्या भिंती असत. गाडीचं मॉडेल बदललं की ती वायरिंग उपसायची आणि नव्याने घालायची. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणाऱ्यांनी, यावर काहीतरी उपाय काढा म्हणून मागणी नोंदवली. डिक मॉर्ले आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने जे यंत्र केलं ते त्यांचं चौऱ्याऐंशीवं काम, म्हणून त्याचं नाव ०८४. त्या पहिल्या पूर्वजाला पंखा नव्हता आणि चालू-बंद करायचं बटणसुद्धा नव्हतं. याला बंद कशाला करायचं, असा सरळ हिशेब. कारखान्यातल्या वायरमनला रिलेचं चित्र वाचता येत होतं, म्हणून यंत्राला शिकवायची भाषाही त्या चित्रासारखीच ठेवली: दोन उभे खांब आणि मध्ये आडव्या पायऱ्या. मघाची शिडी ती हीच. संगणकवाले या भाषेला नाकं मुरडतात. रात्री तीन वाजता बंद पडलेल्या प्रेससमोर बॅटरी धरून उभं राहिलं की तिचं मोल कळतं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. प्रेसला झेंडूची माळ, पान्यांना हळदकुंकू, पेढे. मामांचा हट्ट असायचा की पहिलं बोट मुकादमाला लावायचं. मी दरवर्षी आडवा यायचो. त्याच्या पाठीला हवेसाठी बारीक फटी असतात, कुंकू आत गेलं तर पुढचं वर्षभर दुरुस्ती माझ्या गळ्यात. मग तडजोड म्हणून पॅनेलच्या दाराला बाहेरून बोट लागायचं. वर्षानुवर्षांच्या कुंकवाने त्या दारावर एक लालसर डागच पडला होता.

असा हा मुकादम माझ्या हातून गेला, तो एका गुरुवारी.

भोसरीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे दुरुस्त्याही गुरुवारी. चार नंबरचा टचस्क्रीन जुना झाला होता. मामांचं बोट रोज जिथे पडायचं तिथला कोपरा दाद देत नव्हता. नवा स्क्रीन आणला, तर तो मुकादमाशी बोलेना. याचं फर्मवेअर जुनं आहे, आधी ते बदला, असं त्याचं म्हणणं. नवी सून घरात येते आणि आल्याआल्या सासऱ्याने बोली बदलावी म्हणते, तसलाच हा मामला.

फर्मवेअर आणि प्रोग्रॅम यांत लोक गल्लत करतात. प्रोग्रॅम म्हणजे मुकादमाच्या हातात दिलेली कामाची यादी: प्रेस मिटव, दाब धर, अमुक मिनिटांनी उघड. फर्मवेअर म्हणजे त्याला मुळात वाचता येणं. यादी हरवली तर दुसरी देता येते. वाचणंच हरवलं तर यादी घेऊन कोणापुढे उभं राहायचं?

लॅपटॉप पॅनेलमधल्याच सॉकेटला लावला होता. तो सॉकेट आणि मुकादमाला चोवीस व्होल्ट देणारा एसएमपीएस एकाच एमसीबीवर आहेत, हे ड्रॉइंगमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं आणि ड्रॉइंग माझ्याच बॅगेत होतं. अपडेट सुरू झालं. निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. साफसफाईचा पोरगा ब्लोअर घेऊन आला. "साहेब, हितं लावू का?" माझी नजर पट्टीवर. म्हणालो, "लाव."

पट्टी ४३ वर होती. खट्ट आवाज आला आणि पॅनेल काळोखात गेलं.

एमसीबी पुन्हा वर केला. एसएमपीएस जागा झाला. मुकादमाच्या कपाळावरचा पहिला दिवा लागला, हिरवा. दुसरा, चालू असल्याचा, लागलाच नाही. तिसरा, लाल, उघडझाप करू लागला. लॅपटॉपवरून हाक मारली, ओ नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला. नुसता तो लाल दिवा, एका लयीत. मुकादम शिव्या देत असता तरी बरं वाटलं असतं.

तेव्हा नेमकं काय झालं होतं ते कळायला त्याची स्मरणशक्ती कशी असते ते पाहावं लागतं. फर्मवेअर फ्लॅश मेमरीत राहतं. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. ती पुसली जाते तेव्हा मोठा तुकडा एका दमात साफ होतो. एका सहकाऱ्याला त्यावरून कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. आपली पाटी पुसली की कोरी होते. या पाटीचं तसं नसतं. ती पुसली की काठोकाठ एकांनी भरते. लिहिणं म्हणजे हव्या त्या जागच्या एकाचं शून्य करणं. शून्याचा पुन्हा एक करायचा तर ते अक्षर एकटं खोडता येत नाही, अख्खा तुकडा पुसावा लागतो. म्हणून नवं फर्मवेअर लिहायच्या आधी जुनं साफ करावंच लागतं. आजकालच्या अनेक यंत्रांत दोन खोल्या असतात: जुना एका खोलीत नांदत राहतो, नवा दुसरीत पूर्ण बसवून, तपासून झाला की मग बिऱ्हाड हलतं. आमचा मुकादम एका खोलीतला. जुनं घर पाडलं होतं, नव्याच्या भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या, आणि वर छप्पर नव्हतं.

इंग्रजीत अशा यंत्राची 'वीट झाली' म्हणतात. आपल्याकडे विटेला असं कोणी हिणवणार नाही, पंढरपूर आठवतं.

पुरवठादाराला फोन लावला. हे मॉडेल बंद झालं, नवं घ्या, आठ आठवडे लागतील. नवं घ्यायचं म्हणजे वायरिंग नवं आणि प्रोग्रॅमही नव्याने लिहायचा. मालकांना मी अजून काही सांगितलं नव्हतं. मामा सुट्टी असून आले होते, नवा स्क्रीन बघायला. लाल दिव्याकडे बघत त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बसला का खाली?"

पुढे वाचनात आलं की हेच कोणीतरी ठरवून केलेलं आहे. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनच्या वीजकंपन्यांवर हल्ला झाला, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. हल्लेखोरांनी ब्रेकर पाडले, आणि वर उपकेंद्रांतल्या संपर्काच्या छोट्या पेट्यांचं फर्मवेअर खराब करून ठेवलं, म्हणजे दुरून पुन्हा वीज चढवता येऊ नये. त्या पेट्या कामातून गेल्या. तिथली माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि हातांनी ब्रेकर चढवून काही तासांत वीज आणली. हल्लेखोरांनी ज्यासाठी इतका कट रचला ते काम माझ्या एका 'लाव'ने झालं होतं.

दुपारी चहा घेताना मी मॅन्युअलची मागची पानं चाळत होतो. परिशिष्टात, सहसा कोणी जात नाही अशा ठिकाणी, दोन ओळी होत्या. झाकणाखालची बारीक कळ खाली करून वीज द्या आणि सिरियल पोर्टवर ऐका. ऐका, असंच लिहिलं होतं.

वाड्यात मालक, दिवाणजी, नोकरचाकर असतात, आणि देवडीवर एक म्हातारा असतो. त्याला वाड्याचा कारभार ठाऊक नसतो. येणाऱ्याला अडवायचं, ओळख पटवायची, आत सोडायचं, एवढंच. मुकादमाच्या पोटातही असा एक देवडीवरचा आहे, बूटलोडर. वीज आली की सगळ्यांत आधी तो उठतो. आतल्या फर्मवेअरची बेरीज करून पाहतो; शेवटी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ती जुळली की कारभार मुकादमाच्या हाती देतो आणि पुन्हा आडवा होतो. सगळं मिळून सेकंदभराचं आयुष्य. त्याची जागा फ्लॅशच्या अगदी आरंभी, कुलूपबंद, अपडेटचा हात तिथे पोचत नाही. इतकी वर्षं रोज तो असा उठत होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी बेरीज जुळली नाही, म्हणून तो कारभार न सोपवता देवडीवरच बसून राहिला होता. तो लाल दिवा त्याचा होता.

त्याच्याशी बोलायची केबल कोणाकडेच नव्हती. तीन वायरी घेऊन मी ती बनवली: याचं बोलणं त्याच्या कानात, त्याचं याच्या, आणि एक ग्राउंड. पहिल्यांदा स्क्रीनवर कचरा आला, चौकोन, उलटेसुलटे आकडे. कचरा पाहून मला झालेला आनंद मामांना कळेना. कचरा म्हणजे कोणीतरी बोलतंय, माझा वेग चुकतोय. वेग कमी करत करत ९६०० वर आणला, आणि काळ्या पडद्यावर एक अक्षर उमटलं. इंग्रजी सी. काही क्षणांनी दुसरा. मग तिसरा.

सी सी सी सी.

ही जुनी बोली आहे. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये फाईल पाठवायची एक रीत बसवली, एक्समोडेम. १२८ बाइटची एक पुडी, तिच्याबरोबर तिची बेरीज. घेणाऱ्याने मोजून पाहायचं: जुळलं तर 'पोचलं', नाही जुळलं तर 'पुन्हा'. पुढे त्यात आणखी कडक बेरजेची सोय झाली, आणि ती हवी असेल तर घेणाऱ्याने सुरुवातीला सी म्हणत राहायचं. त्याचा अर्थ एवढाच: मी तयार आहे, पाठव. देवडीवरचा सकाळपासून, केबल नसताना, ऐकणारा नसताना, तेवढंच म्हणत बसला होता.

"तोंड उघडून बसलंय," मामा म्हणाले. त्यांना इंग्रजी अक्षरं जेमतेम येत. पण सीचा आकार त्यांनी बरोबर पाहिला होता.

आता घाई नव्हती. मामांनी जुन्या यूपीएसमधल्या बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणल्या. त्या एकामागे एक जोडल्या की चोवीस; मुकादमाला सरळ त्यांच्यावर घेतलं. व्हॉल्व्हकडे जाणारे फ्यूज काढून खिशात ठेवले. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर. ब्लोअर पोरासकट दाराबाहेर. फाईल एक मेगाबाइटची, म्हणजे १२८ च्या ८१९२ पुड्या. ९६०० च्या वेगाने सेकंदाला साधारण सात. हिशेब वीस मिनिटांचा होता.

त्या वीस मिनिटांत मी फार काही पाहिलं नाही. पुडीचा आकडा वाढत होता. मामा स्टूल घेऊन पॅनेलच्या दारात बसले, कोणी आत येऊ नये म्हणून. मध्ये शेजारच्या गाळ्यात कोणीतरी वेल्डिंग पेटवलं आणि एका पुडीला 'पुन्हा' आलं. माझा हात थरथरला. लॅपटॉपने तीच पुडी परत पाठवली. 'पोचलं'. देवडीवरच्याला राग नाही, लोभ नाही. चुकलं की तेवढंच पुन्हा मागतो.

शेवटची पुडी गेली. पडदा थांबला. कळ वर करून वीज तोडली, पुन्हा दिली. लाल दिवा लागला, विझला, आणि मधला हिरवा दिवा हळूहळू उघडझाप करू लागला. वाचता येतंय, पण वाचायला काही नाही, असा त्याचा अर्थ. लॅपटॉपमधली शिडी त्याला दिली. हिरवा स्थिर झाला. नवा स्क्रीनही एकदम गोड बोलायला लागला. मामांनी बाहेरूनच पॅनेलच्या दाराला हात लावून कपाळाला लावला. रात्रीचे साडेनऊ झाले होते.

शुक्रवारी पहिल्या पाळीत प्रेस तापली, १७० अंश, साचा भरला, मुकादमाने सगळं विचारलं, सगळे हुकूम दिले. सहा मिनिटांनी साचा उघडला. बुशवर फोड आलेले. दुसरा माल, तेच. रबर तेच, साचा तोच, पाळी मामांचीच.

तिसऱ्या वेळी मामांनी मला जवळ बोलावलं. "ऐका साहेब. ह्यो श्वास घेत नाय."

रबर दाबताना आत हवा आणि वाफ अडकते. म्हणून साचा मिटल्यावर लगेच दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा धरायचा, असं दोन-तीनदा. याला बंपिंग म्हणतात. किती वेळा आणि किती किती सेकंद, हे आकडे शिडीत नसतात. ते मुकादम वेगळ्या कप्प्यात ठेवतो, स्क्रीनवरून बदलता यावेत म्हणून. वीज गेली तरी सेलवर ते टिकतात. पण नव्या फर्मवेअरने कप्प्यांची मांडणीच बदलली होती, आणि जुने आकडे निघून गेले होते. त्यांच्या जागी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पहिल्या दिवशी घातलेले आकडे आले: दोन वेळा, अर्धा सेकंद.

मधल्या वर्षांत मामांनी ते किती वेळा बदलले होते याची नोंद कुठेच नव्हती. बॅकअप घेताना मी शिडीचा घेतला होता, कप्प्याचा नाही. त्यात काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. मुकादमाच्या हातात आलेली सफाई ही मुकादमाची, असं मी धरून चाललो होतो.

"मामा, आकडा काय होता?"

"आकडा कोण बघतंय?" ते म्हणाले. "आवाजाला लावायचं."

मग त्यांनी हातमोजे काढले, प्रेसच्या खांबाला तळवा लावला आणि डोळे मिटले. मी स्क्रीनशी उभा राहून आकडा वाढवत गेलो. अर्धा. पाऊण. एक. प्रत्येक वेळी दाब सुटताना फुस्स आवाज यायचा, आणि मामा मान हलवायचे, नाही. सव्वा. "अजून अडकतंय." तीन वेळा केलं. १.४ वर तो फुस्स जरा लांबला, आणि शेवटी मऊ झाला. मामांनी डोळे उघडले.

माल स्वच्छ निघाला. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: बंपिंग ३, वेळ १.४. खाली तारीख घातली आणि कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला.

"लावा, लावा," मामा म्हणाले. "पाऊस लागला की बदलतंय ते."

शनिवारी रात्री वळवाची सर येऊन गेली. रविवारी सकाळी चार नंबरवर गेलो. कागदावर १.४ होतं, पडद्यावर १.६.